एक आड एक वाजणारा डबा

शहाडला आमच्या इमारतीमागे जुनं गावठाण आहे. तिथल्या आवडाबाईंची शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, पण कोंबड्या काही त्यांनी सोडल्या नाहीत. यंदा मुंगसाने त्यांची खुडूक कोंबडी नेली आणि वीस अंडी उबेवाचून राहिली. तेव्हा त्यांची आठवीतली नात कृतिका म्हणाली, "आजी, मी उबवते."

तिने आणि आमच्या मजल्यावरच्या अद्वयने थर्माकोलच्या पेटीत दोन बल्ब लावले. लाइट गेली की पेटीशेजारचा एक डबा आवडाबाईंच्या मोबाइलवर रिंग देणार आणि त्या गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवणार, अशी योजना. डब्यात बॅटरीखेरीज दोन मुख्य वस्तू. एक कंट्रोलर, म्हणजे डब्याचा मेंदू. दुसरा मोडेम, म्हणजे सिमकार्ड पोटात घालून फोन लावणारा.

बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, दोघं पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. मागोमाग आवडाबाई.

"भाऊ, ह्या डब्याला सांगा काय ते. एक आड एक उपास करतंय."

"म्हणजे?"

"सोमवारी लाइट गेली, वाजला नाय. बुधवारी गेली, वाजला. काल गेली, परत गप. मी घरात होते म्हनून बरं, नायतर गेली असती अंडी."

"आम्ही टेस्ट केलेला तेव्हा दरवेळी वाजलेला, आजी!" अद्वय म्हणाला.

"तवा पारनं असंल त्याचं. ऐक, शेजारच्या भीमाबाईची कोंबरी खुडूक झाली हाय. निम्मी पिल्लं तिची, निम्मी माझी, असं ठरलंय. पाचला ती कोंबरी घेऊन येते. तवर डबा नीट वाजला तर अंडी तुझी, पोरी. नायतर कोंबरीखाली."

कृतिका खाली बघत राहिली. "निम्मी पिल्लं गेली तर जाऊ देत," ती हळूच म्हणाली, "पण भीमाबाई गावभर सांगेल, कृतिकापेक्षा कोंबडी हुशार."

मी डबा उघडला. मी माजिवड्याच्या मीटरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली असल्याने असल्या डब्यांच्या खोड्या मला ठाऊक होत्या.

"टेस्ट कशी केली होती?"

"सगळं बंद करायचो, मग चालू करायचो."

मला दुखणं कळलं. पण उत्तर हातात दिलं की मुलांची गंमत जाते. मी कपाटातून एक पांढरी आणि एक लाल दोरी काढली.

"आवडाबाई, खुर्चीत बसा. तुम्ही मोडेम."

"मी? मना तर मोबाइलचा आवाज पन वाढवता येत नाय!"

"मोडेमलाही येत नाही. बसा."

त्यांच्या उजव्या मनगटाला पांढरी दोरी बांधली, डाव्याला लाल. "मोडेमला अशाच पिना असतात. पिनेवरचा व्होल्टेज खाली ओढला की तिचं काम होतं. ही पांढरी पॉवरची. दोन सेकंद खाली ओढून धरली की झोपलेला मोडेम उठतो. पण जागा असेल तर तीच दोरी त्याला झोपवते."

"एकाच दोरीनं दोन्ही?" आवडाबाईंनी विचारलं.

"एकाच. अद्वय, तू कंट्रोलर. लाइट जाऊन बॅटरीवर येताना तुला क्षणभर झटका बसतो. तू सगळं विसरतोस आणि प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू करतोस. पहिली ओळ काय लिहिली आहेस?"

"मोडेमला उठव."

"आणि मोडेम थेट बॅटरीवर आहे. त्याला झटका बिटका काही नाही. चला, दाराबाहेर जा. आवडाबाई, झोपा."

अद्वय आत आला, पांढरी दोरी ओढून "एक, दोन" म्हणाला. आवडाबाई ताडकन उठल्या, "ट्रिंग ट्रिंग!"

"वाजला!" अद्वय खूश.

"आता पुन्हा लाइट गेली. बाहेर जा, सगळं विसर, आत ये."

तो आला, शहाण्यासारखी दोरी ओढली, एक, दोन. आवडाबाईंनी मान टाकली आणि घोरायलाच लागल्या.

"अगं आजी, झोपतेस काय? फोन लाव!"

त्यांनी एक डोळा उघडला. "तूच झोपवलंस ना, मेल्या! चांगली जागी होते. आधी बघ तरी, मी जागी हाय का झोपले!"

कृतिकाने कपाळावर हात मारला. "स्टेटसची पिन! भाऊ, मोडेम जागा आहे का ते सांगणारी पिन असते. आम्ही ती जोडलीच नाही. वाटलं, उगाच एक वायर जास्त. टेस्टला सगळंच बंद करायचो, म्हणून तो दरवेळी झोपलेलाच सापडायचा!"

"आणि लाल दोरी?" अद्वयने विचारलं.

मी आवडाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या डोळे टक्क उघडे ठेवून दगडासारख्या बसल्या. अद्वयने हाक मारली, पांढरी ओढली, गुदगुल्यासुद्धा केल्या. ढिम्म. शेवटी लाल ओढली, तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "कोन? कय हाय मी, घरात का अंगनात?"

"हा रीसेट. जागा दिसतो पण उत्तर देत नाही, तेव्हाच."

"मग दरवेळी हाच का नको? भानगडच नाही," अद्वय म्हणाला.

"जेवणाऱ्या माणसाला पानावरून हिसकून उठवावं का? मोडेम आत काहीतरी लिहून ठेवत असतो. मधेच ओढलं की अर्धवट राहतं. आधी हाक, मग थोडी वाट, मग रीसेट."

चार वाजून गेले होते. स्टेटसची पिन फार कमी व्होल्टेजवर, म्हणजे हळू आवाजात बोलते, म्हणून मधे एक ट्रान्झिस्टर लावला. कृतिकाने प्रोग्रॅम बदलला. मग सगळे गावठाणात गेलो. लाइट गेल्यासारखं करायला आवडाबाईंनी पेटीचा आणि डब्याचा एकच असलेला स्विच बंद केला.

फोन गप्प.

दारात भीमाबाई उभी, काखेत कोंबडी. "काय गं पोरी, माझ्या कोंबरीला भूक लागली बसून बसून."

कृतिकाचे डोळे भरले, पण तिने मीटर हातात घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेवढा वेळ तिला द्यायलाच हवा होता.

"ट्रान्झिस्टर उलटं सांगतो!" ती ओरडली. "मोडेम जागा असला की पुढे शून्य जातं. आपण शून्य म्हणजे झोपलेला समजलो!"

एक ओळ बदलली. डबा बंद करून पुन्हा चालू केला. स्विच बंद. दहा सेकंदांनी आवडाबाईंच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. पुन्हा स्विच. वाजला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा तर भीमाबाईनेच स्विच दाबला, आणि वाजल्यावर कोंबडी इतकी बिथरली की तिच्या काखेतून निसटून अंगणात पळाली.

"ने तुझी कोंबरी घरी," आवडाबाई म्हणाल्या. "अंडी हितंच राहतील."

"आनि माझी निम्मी पिल्लं?"

"बघायला ये आजपासून नवव्या दिवशी. चहा देईन."

भीमाबाई कोंबडीमागे धावली. कृतिका हसत अंड्यांवरचं झाकण नीट बसवत होती, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पाहिलं तर आवडाबाई स्विचपाशी उभ्या, बोट तयार.

"आजी! बस ना आता! अंडी गार होतील!"

"एकदाच," त्या म्हणाल्या. "मना कोनी एवढे फोन करत नाय."