खांबेटेबाईंचा गोल्फ दौरा

प्रत्येक माणसाच्या हातून आयुष्यात एक तरी निर्दोष गोष्ट घडते. दीपमाला खांबेटे यांच्या हातून ती शेहेचाळिसाव्या वर्षी घडली, आणि मालक रंगनाथरावांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"दौऱ्याच्या आराखड्यावर डाग पडतोय," दीपमाला म्हणाली.

"पडू दे. झेरॉक्स काढायचीच आहे." रंगनाथरावांनी कप उचलून शेजारच्या पानावर ठेवला. "बाई, एक बोलायचं होतं."

बावीस वर्षांत रंगनाथराव 'बोलायचं होतं' असं दोनदाच म्हणाले होते. दोन्ही वेळा दिवाळी बोनस झाला नव्हता. दीपमालेनं पेनाला टोपण लावलं.

नारायण पेठेतल्या त्या यात्रा कंपनीचा संसार तिनंच सांभाळला होता. अष्टविनायक, चारधाम, काशी-रामेश्वर. कोणत्या घाटात कोणत्या वयाच्या माणसाला उलटी होते, हे ती नुसतं आडनाव ऐकून सांगायची. स्वतः मात्र ओझरच्या पलीकडे गेली नव्हती, कारण सगळे गेले की ऑफिसात कोणीतरी बसावं लागतं, आणि तिच्या घरी तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं.

मग हिंजवडीत कंपन्या आल्या आणि देवांचं बुकिंग घसरलं. गेल्या वर्षी सुदर्शनसाहेब आले. सॉफ्टवेअर कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट. सहा जोडपी, अकरा दिवस, स्कॉटलंड. समुद्राकाठची चार नामांकित गोल्फ मैदानं. रंगनाथरावांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि साहेब जिना उतरल्यावर विचारलं, "गोल्फ म्हणजे ते घोड्यावर बसून खेळतात तेच ना?"

दीपमालेनं सात महिने घेतले. समुद्राकाठच्या मैदानावर अर्धा खेळ वाऱ्याच्या दिशेनं जातो आणि अर्धा वाऱ्याला तोंड देत परत येतो, म्हणून कोणत्या मैदानावर सकाळी उतरायचं आणि कुठे दुपारी, हे तिनं ठरवलं. नवरे खेळत असताना बायकांना काय, तर किल्ला, लोकरीची गिरणी, दीपगृह. तिथल्या बुकिंग ऑफिसातल्या मोराग नावाच्या बाईशी तिच्या ईमेल सुरू झाल्या. मोरागही बावीस वर्षं त्याच खुर्चीत होती. "तुम्ही आलात की पहिल्या संध्याकाळी चहा माझ्याकडे," असं तिनं लिहिलं होतं. दीपमालेनं त्या ईमेलचा प्रिंट काढून फाइलला लावला होता. कारण दसऱ्यालाच रंगनाथराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही ट्रिप खांबेटेबाईच घेऊन जाणार." त्यावर तिनं पासपोर्ट काढला, वारा न लागणारं जाकीट घेतलं, आणि ते जाकीट घालून एप्रिलच्या उन्हात एकदा पर्वती चढून पाहिली.

"बोला," ती म्हणाली.

"कसंय, जोडप्यांची ट्रिप आहे. सगळी जोडी-जोडीनं. त्यात तुम्ही आपल्या एकट्या. जेवायच्या टेबलावर वगैरे. लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"लोकांना?"

"सुदर्शनसाहेबांच्या मिसेस म्हणाल्या. वाईट अर्थानं नाही हो. तुमच्याच काळजीनं." रंगनाथरावांनी कप पुन्हा उचलला. "आमचा अभिनव आणि सूनबाई नम्रता जातील. आपलंच घर. तुम्ही इथे फोनवर असालच. त्यांना काही अडलं तर तुम्हीच सांगणार ना."

"म्हणजे वारा कुठला ते मी इथून सांगायचं."

"बघा, तुम्हाला सगळं पाठ आहे," रंगनाथराव खुश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनसाहेबांचा फोन आला. दीपमालेनं स्पीकरवर घेतला. "मॅडम, स्मॉल इश्यू. सत्तावीस तारखेला अमावस्या येतेय. आय पर्सनली डोंट बिलीव्ह. पण सासूबाई म्हणतात, विमान आहे, उगाच कशाला? एक दिवस पुढे ढकलता येईल?"

ढकलायचं काम अभिनवनं केलं. हा हाफ पँटमध्ये असल्यापासून तिच्या टेबलाखाली खेळलेला मुलगा. आता एमबीए होता. त्यानं लॅपटॉपवर अकरा दिवसांची चौकट एका बोटानं धरली आणि एक घर खाली ओढली. "झालं, मावशी. तुला याला आठवडा लागला असता."

दीपमाला पडद्याकडे बघत राहिली. आठव्या दिवशी सगळ्यात जुनं मैदान होतं. ज्याच्यासाठी लोक आयुष्यभर थांबतात, ते. ते रविवारी बंद असतं. त्या दिवशी गावातली माणसं तिथे कुत्री फिरवतात. तिच्या फाइलमध्ये लाल शाईनं लिहिलेलं होतं, पण फाइल कपाटात होती.

"अभिनव, आठव्या दिवशी रविवार येतोय."

"मग? वीकेंडच की. भारी."

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ती उठली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मंडळी अठ्ठावीसला गेली. मोरागची ईमेल आली, "तुम्ही दिसला नाहीत?" दीपमालेनं 'काही घरगुती कारणामुळे' असं उत्तर लिहिलं, आणि घर म्हणजे कोणाचं, हे मोघमच ठेवलं.

आठव्या दिवशी, सुट्टी असूनही, दुपारी दोनलाच तिनं ऑफिस उघडलं. तिकडे सकाळ झाली असणार. आता सहा साहेब सहा बॅगा घेऊन बंद मैदानासमोर उभे असतील, अभिनव घामाघूम होईल आणि फोन करेल. मग तिनं काय सांगायचं, तेही ठरलेलं होतं. तीस किलोमीटरवर दुसरं मैदान होतं, छोटं, रविवारी उघडं. तिथला नंबर तिनं मोरागकडून कधीच घेऊन ठेवला होता. फक्त आधी त्यानं विचारायला हवं होतं. "मावशी, आता काय करू?" एवढंच.

साडेचारला फोन वाजला. तिनं दुसरी घंटा होऊ दिली.

"अष्टविनायकची बस स्वारगेटला थांबते का हो?" एका बाईनं विचारलं.

"थांबते," दीपमाला म्हणाली. "पावणेसहाला या."

आठपर्यंत दुसरा फोन आला नाही.

परतल्यावर नम्रता तिच्यासाठी चॉकलेटचा डबा आणि फोटोंचा अल्बम घेऊन आली. एका फोटोत हिरव्यागार उतारावर बाराही जण गुडघ्यांवर बसलेले होते, मधोमध दोन पांढरी कुत्री.

"हे रविवारचं ना?" दीपमालेनं विचारलं. "मैदान बंद असेल."

"होतं का बंद? कुणी विचारलंच नाही, मावशी. कुत्री इतकी गोड होती."

"आणि बाकीची तीन मैदानं?"

"पहिल्या दिवशी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी सगळे उशिरा उठले. मग लक्षात आलं, असंच बरं वाटतंय." नम्रतानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? गोल्फ येतं फक्त सुदर्शनसरांना. तेही कॉम्प्युटरवर."

गोल्फच्या सहाही बॅगा विमानतळावर गुंडाळलेल्या प्लास्टिकसकट परत आल्या होत्या. रंगनाथरावांनी पुढच्या वर्षीची जाहिरात छापायला दिली. अभिप्रायाचे फॉर्म लावून ठेवायला त्यांनी दीपमालेकडे दिले. 'दौऱ्यात सर्वांत काय आवडले?' हा प्रश्न तिनंच सात महिन्यांपूर्वी घातला होता आणि उत्तरासाठी चार ओळी सोडल्या होत्या.

पाच जोडप्यांनी लिहिलं होतं : चोवीस तास गरम पाणी. सहाव्यांनी फॉर्म भरला नव्हता.