दुसरी घंटा

"एक आत घ्यायचं तर एक बाहेर," नकोबा म्हणाले. "काढायचं कुठलं ते सांगा, मग पुढचं बोलू."

समितीत त्यांना तोंडावरच नकोबा म्हणत. सलाइनच्या पंपांनी वॉर्डात कोणत्या सूचना द्यायच्या, याचं मानक ही समिती ठरवी. कंपन्यांचे इंजिनिअर दर बैठकीला नव्या सूचनांचं गाठोडं घेऊन येत आणि नकोबा ते न सोडताच परत पाठवत. सूचना सातच, म्हणजे गोंधळ नको. नको-नको म्हणता म्हणता डोक्याचे केस पिकले होते आणि खरं सांगायचं तर ते आता पार कंटाळले होते.

आज मात्र मागणी सिस्टरांची होती. नळी बाटलीकडे दुमडली की पेशंटकडे, ते पंपानेच सांगावं. मागणी रास्त होती, सगळ्यांच्या माना डोलल्या.

"मग काढायचं काय?"

जो तो आपापल्या चहाच्या कपात बघू लागला. शेवटी मागणी घेऊन आलेल्या सिस्टरच म्हणाल्या, "सर, ती दुसरी घंटा... पहिलीला कोणी आलं नाही की सगळ्या वॉर्डात वाजते ना, ती. आम्हाला पहिली ऐकू आलेलीच असते हो, पण हात दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेला असतो. ती वाजली की सगळेच दचकून उठतात. आम्ही ती बंदच करून ठेवतो."

दुसरी घंटा नकोबांची होती. त्यांचा थोरला भाऊ पंप वाजत असताना गेला, कोणी आलं नाही. त्यानंतर नकोबांनी समितीकडे एकदाच काही मागितलं होतं.

"राहू द्या हो," अध्यक्ष म्हणाले. "सातच्या जागी आठ. आभाळ कोसळत नाही."

"आज आठ, उद्या अठरा. लोकांच्या लेकरांना दारातून हाकलायचं आणि आपलं तेवढं मांडीवर?"

नकोबांनी सूचनांच्या यादीतल्या दुसऱ्या घंटेच्या ओळीवर रेघ मारली. रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसता थकवा आला.

संध्याकाळी त्यांनी वहिनींना फोन लावला. ओळखीचं कोणी दवाखान्यात गेलं की वहिनी सांगत, घाबरू नका, तिथे आमच्या भाऊजींची घंटा आहे.

"वहिनी, दादाची घंटा काढली आज. मीच काढली."

पलीकडे वहिनींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"उपयोग होत नव्हता का?"

"नाही."

"मग बरं केलंत. जेवलात?"

"जेवलो," नकोबा खोटंच म्हणाले.

त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही, पण फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.