भट्टीला गेलेला तडा

मित्रांनो, मी एक जुनी, विटांची भट्टी आहे, पिझ्झा भाजणारी. माझ्या तळाला एक तडा आहे. तो १९८३ सालचा.

त्याआधी बारा वर्षं मी धडधाकट होते. जहाजावरची नोकरी सोडून आलेल्या आचाऱ्याने मला बांधून घेतलं. "दहा दिवस नुसती मंद आच द्या," असं गवंडी बजावून गेला, आणि आचारीबुवांनी मला तान्ह्या लेकरासारखं जपलं. चार टेबलांचं आमचं दुकान. त्याला पाटी नव्हती. समोरचा शिंपी हीच आमची पाटी. "इकडे इटालियन कुठे चांगलं मिळतं हो?" असं कुणी विचारलं की तो तोंडातली टाचणी काढून म्हणायचा, "चौकातल्या काचेच्या हॉटेलात खुर्च्या छान आहेत. जेवायचं असेल तर इथे समोर."

१९८३ साली घरात सून आली. बुवा तिला माझ्याजवळ फिरकू देत नसत. एके दिवशी निरोप आला, की 'या भागात इटालियन कुठे खावं' हे लिहिण्यासाठी वर्तमानपत्राच्या बाई संध्याकाळी जेवायला येणार आहेत. बुवा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बाजारात गेले. सुनेने माझ्यात डोकावून पाहिलं. "अगं बाई! पाहुण्या यायच्या आणि ही अशी काळीकुट्ट?" असं म्हणत तिने बादलीभर पाणी आत ओतलं.

मी सकाळपासून तापलेली होते. कडकन आवाज झाला.

परत आलेल्या बुवांचा चेहरा माझ्याहून लाल झाला. ते तोंड उघडणार, तेवढ्यात काकू मध्ये उभ्या राहिल्या. "आधी गार व्हा. तापलेल्यावर पाणी पडलं की काय होतं, ते समोर दिसतंय ना?"

बुवा तडक शिंप्याच्या पायरीवर जाऊन बसले.

"मी माहेरी जाऊ का?" सुनेने रडत विचारलं.

"जा हो नंतर. आधी पीठ मळ," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी माझी डावी बाजू जाळत होती आणि उजवी तापतच नव्हती. सून लांब दांड्याचं फावडं घेऊन उभी राहिली. मनात दहा मोजायची आणि पिझ्झा फिरवायची. शेवटचं ताट जाईपर्यंत ती पाणी प्यायलासुद्धा हलली नाही.

रविवारी छापून आलं: 'पाटी नसलेल्या दुकानात जा. तिथली सून भट्टीला डोळ्यांआड होऊ देत नाही.' बुवांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं आणि सुनेला म्हणाले, "आजपासून फावडं तुझं. बादली मात्र माझ्याकडे."

पुढे काचेचं हॉटेल बंद पडलं. शिंपी लेकीकडे राहायला गेला. टाचण्यांची डबी आम्हाला देऊन गेला. वर्तमानपत्राच्या बाई म्हातारपणी काठी टेकत यायच्या. आधी काकू गेल्या, मग दोन हिवाळ्यांनी बुवा. सून आता आजी झाली आहे. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली.

"आजी, ही पाडून इथे कपाट करूया की," नातवंडं म्हणतात. ती नुसती हसते. मी ओल धरू नये म्हणून दर रविवारी माझ्यात दोन काटक्या पेटवते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर स्वच्छ करा. फक्त आधी त्या गार झाल्या आहेत का, ते पाहा. घरातलं माणूस तापलेलं असेल, तर तिथेही थोडं थांबा. त्या दिवशी काकूंनी बुवांना थांबवलं, म्हणून आज माझ्या तळाशी ऊब आहे.