जलालाबादचा उखाणा

जरमीनाचं केळवण करायचं असं सरोजिनीबाईंनी जाहीर केलं, तेव्हा श्रीधरपंत पेपरमागून म्हणाले, "अगं, भाडेकरू आहे ती आपली."

"भाडेकरूला माहेर नसतं का?"

"असतं. तिचं जलालाबादला आहे. लग्न डॅलसला व्हायचंय. मधे बिबवेवाडी कुठून आली?"

जरमीना तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत राहत होती. अफगाणिस्तानातून पुण्यात शिकायला आलेली, डोळ्यांत कायम झोप अपुरी असलेली मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं हुमायूनशी. हा हुमायून अमेरिकन पलटणीचा दुभाषा होता. गावकऱ्यांचं गाऱ्हाणं साहेबांना सांगायचं आणि साहेबांचा हुकूम गावकऱ्यांना. वीस वर्षं लढून एका ऑगस्टात पलटण विमानात बसून निघून गेली. जाताना सांगून गेली, तुमचीही सोय करतो. तेव्हापासून तो इस्लामाबादच्या एका खोलीत जीव मुठीत धरून दिवस काढत होता. चौकशा झाल्या, तपासण्या झाल्या, आणि आता कुठे पत्र आलं होतं. मंजूर. फेब्रुवारीत डॅलसचं विमान. शिक्षण संपलं की जरमीनाही जाणार होती.

"अमेरिकेचं पत्र आलंय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे झालंच की."

"महापालिका उद्या पाणी सोडतो म्हणाली, तरी तू पिंप भरून ठेवतेस. अमेरिकेवर मात्र केवढा विश्वास!"

तरी केळवण झालं. मार्गशीर्षातला रविवार होता. पाटाभोवती रांगोळी, केळीचं पान, साखरभात, अळूची भाजी. जरमीना हिरवी साडी नेसून बसली. वरच्या मजल्यावरच्या ऋतिकाने मोबाइल धरला आणि ओरडली, "नाव घे, नाव घे! नाव घेतल्याशिवाय घास नाही!"

उखाणा सरोजिनीबाईंनीच रचून दिला होता. त्यांचं माहेर मांजरी गावचं. जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या मांडीवर त्यांचं बालपण गेलेलं, शब्द आपोआप ओळीत येऊन बसायचे. जरमीनाने चार दिवस पाठ केला होता. लाजत, अडखळत ती म्हणाली,

डोंगरामागं डोंगर, मधे रस्ता वळणाचा,
जलालाबादचा हुमायून, दुभाषा अमेरिकी पलटणीचा.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीधरपंतसुद्धा दारात येऊन उभे राहिले होते.

ऋतिकाने तो व्हिडिओ संध्याकाळी टाकला. "काकू, अफगाण नवरीचा मराठी उखाणा! लोक वेडे झालेत. व्ह्यूज बघा!" सातारा, नाशिक, दुबई, कुठून कुठून माणसं लिहीत होती, किती गोड, किती गोड. सरोजिनीबाईंनी चष्मा लावून एकेक वाचलं आणि जरमीनाला वाचून दाखवलं. दोघी हसल्या. त्या उखाण्यात काय उघडं पडलंय ते तेव्हा कुणाला कळलं नाही.

जानेवारीत अमेरिकेत नवं सरकार आलं आणि पहिल्याच दिवशी एका सहीने निर्वासितांची सगळी विमानं थांबली. तपासलेले, मंजूर झालेले, पेटी बांधून बसलेले, सगळेच. हुमायूनचा फोन आला तेव्हा जरमीना खुर्चीतून उठली आणि उगाचच घडी केलेले कपडे पुन्हा घडी करू लागली.

"काकू, तो बोलतो, व्हिडिओ काढून टाका. जल्दी. आता परत पाठवतील, आणि आमच्याकडे लोक बघतात."

"कोण लोक?"

"ज्यांना पलटणीच्या लोकांचे नाव पाहिजेत, ते."

सरोजिनीबाई तशाच अनवाणी वर गेल्या. ऋतिकाने क्षणात व्हिडिओ पुसला. मग मोबाइलकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "काकू, माझा डिलीट केला हो. पण लोकांनी डाउनलोड करून पुढे टाकलाय. कुणीतरी पश्तूमध्ये अर्थसुद्धा लिहिलाय खाली." ती रडायला लागली. "मला काय माहीत, नुसतं नाव घेतलं तर..."

सरोजिनीबाईंनी डॅलसला मुलाला फोन लावला. तिथल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिही, एवढंच मागणं होतं.

आमोद आवाज खाली आणून म्हणाला, "आई, इथे या विषयावर बोलायचीही भीती वाटते. माझंच ग्रीन कार्ड अडकलंय. समजून घे ना."

त्यांनी समजून घेतलं. दुसरं काय करणार?

रात्रीच्या जेवणाला श्रीधरपंत ताटाकडे बघत म्हणाले, "चूक आपलीच आहे. पण एखाद्याचं प्रेमाने नाव घेतलं तर त्याचा जीव जावा, अशी जागा ज्यांनी करून ठेवली त्यांना कोण विचारणार? ते पुढच्या देशाला निघाले. तिथेही दुभाषे लागतीलच." मग ताट सारून उठले. आमटीत मीठ नाही, हे त्या दिवशी ते बोलले नाहीत.

सरोजिनीबाई ओटा पुसत होत्या. ओठांवर आपसूक ओळी आल्या,

थोरांना ग वाट दावी, कंदील भावाच्या हाती,
थोर गेले घोड्यावरी, भाऊ काळोखाच्या साथी.

चैत्रात पोलिसांनी इस्लामाबादची हुमायून राहत होता ती वस्ती रिकामी केली. ट्रक भरभरून माणसं तोरखमच्या सरहद्दीवरच्या फाटकाकडे नेली. पलीकडे पाऊल टाकायच्या आधी हुमायूनने एक निरोप पाठवला. जरमीनाने तो सांगितला, तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "बोलला, मला शोधू नको. कुणी विचारलं तर मला ओळखू नको. तू ओळखलं नाही तर कदाचित मी जगेन."

त्यानंतर फोन लागला नाही. एक आठवडा, दुसरा आठवडा. ती कॉलेजला जात होती, परत येत होती, दिलेलं खात होती.

एका दुपारी धायरीच्या महिला मंडळातून फोन आला. बाई फार उत्साहात होत्या. "अहो सरोजिनीताई, आमच्याकडे चैत्राचं हळदीकुंकू आहे. तुमच्याकडची ती उखाण्याची मुलगी आणाच! आमच्या बायका केव्हाच्या मागे लागल्यात. आंब्याची डाळ आहे, पन्हं आहे. आणि लग्न कधी तिचं? तो जलालाबादचा..."

जरमीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोनमधलं सगळं तिला ऐकू येत होतं.

"लग्न नाही हो ठरलेलं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"अय्या! पण उखाण्यात तर..."

"तसा कुणी नाहीच. मीच घातलं ते नाव, ओळ जुळावी म्हणून."

त्यांनी दाराकडे पाहिलं. जरमीनाने मान हलवली, बरोबर सांगितलंत अशी, आणि डोक्यावरची ओढणी नीट केली.