कोऱ्या पानावरच्या सह्या

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी ग्रामसभेच्या सह्या आधी घेतात आणि इतिवृत्त मागाहून लिहितात. ही पद्धत बंद व्हावी म्हणून मी बारा वर्षे सिल्वासाहून, कारखान्यात रजा टाकून, तिथे वाद घालायला जात आलो. दर वेळी 'बाहेरच्याने बोलू नये' एवढ्यावर विषय संपला. सिल्वासाजवळच्या सामरवरणीत राहणारा मी बाहेरचा ठरलो. माझा चुलतभाऊ जयवंत कॅनडाचा नागरिक झाला, तो मात्र 'आपला जयवंत' राहिला. गावातल्या तिघांना त्याने तिकडे नोकरीला लावले आहे, आणि उरलेले आशेवर आहेत. गेल्या सभेत त्याने फोनवरून माझीच मागणी मांडली. चार मिनिटांत टाळ्या पडल्या.

त्या रविवारी मी गावीच होतो; संध्याकाळी सरपंच सुकदेव इतिवृत्ताची वही घेऊन माझ्या तिथल्या घरी आले.

"राजेंद्रभाऊ, ठराव तुम्हीच लिहा. तुमच्यासारखं मराठी आमच्याकडे कोणाचं?"

मी लिहिले : 'इतिवृत्त वाचून दाखविल्यावाचून कोणाचीही सही घेऊ नये.' मग 'सूचक' या शब्दापुढे माझी लेखणी थांबली. पानाच्या तळाशी साठ सह्या नि अंगठे आधीच होते. वर मी कोणाचेही नाव लिहिले असते, तरी ते गावाला मान्य झालेले होते.

"सूचक कोण?"

"जयवंतभाऊच की."

"हे मी बारा वर्षं सांगतोय, सुकदेवराव."

"सांगत होते ना. पण तुम्ही सांगितलं की भांडण वाटायचं." ते हसले. "थांबा, त्यांनाच विचारू."

फोनच्या पडद्यावर जयवंत न्याहारी करत होता. सगळे ऐकून म्हणाला, "अरे राजा, तुझंच नाव टाक. मला काय करायचंय त्याचं?"

बारा वर्षांत जे मला मिळाले नाही, ते त्याने तोंडातला घास न थांबवता देऊन टाकले. मी त्याचेच नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि साऱ्या पानावर दोन तिरक्या रेघा ओढल्या.

"अहो, हे काय केलं?"

"सह्या आधी, ठराव नंतर. याच ठरावाने हे पान बाद होतं. पुन्हा सभेत वाचून दाखवा, मग सह्या घ्या."

"पुढची सभा दोन महिन्यांनी आहे, भाऊ."

"असू दे."

माझे म्हणणे बरोबर होते. त्यावर मी आजही कोणाशी वाद घालीन. परंतु रेघा ओढताना मनात गाव नव्हते, नियमही नव्हता. जयवंतचे नाव आणखी दोन महिने त्या वहीत लागणार नाही, एवढेच होते.