खिळा सोबत जात नाही

"काका, तुमचा खिळा निखळलाय!" तपासणीवाली दारातूनच म्हणाली.

"कुठला?"

"एकच तर आहे तुमचा. उठा, दाखवते."

खिळेकाकांचं खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. एकवीस वर्षं ते एकच लायब्ररी सांभाळत होते; पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची. एखादं अवाढव्य गणित शंभर जणांत वाटून एकाच वेळी सोडवायचं, तर त्या वाटपाची कटकट ही लायब्ररी अंगावर घेई. शंभर जण म्हणजे माणसं नव्हेत, यंत्रातले धागे. त्यांना मेमरीत जागा लागते. आणि यंत्राची खोड अशी, की एखाद्या जागेकडे थोडा वेळ कोणी फिरकलं नाही, की तिथला माल उचलून डिस्कच्या अडगळीत टाकायचा. मग धागा परत येतो, माल शोधत बसतो, आणि त्या एकापायी बाकीचे नव्व्याण्णव खोळंबतात. म्हणून काही जागा ठोकून ठेवायच्या. ही हलवायची नाही, म्हणजे नाही. ते ठोकणं काकांच्या फाइलीत होतं.

तपासणीवालीने पडद्यावर बोट ठेवलं. "ही जागा खिळलेली. आता मी म्हणते, मला मोठी हवी."

जुनी जागा पुरेना. लायब्ररीने दुसरीकडे मोठी जागा घेतली, माल तिकडे नेला, जुनी सोडून दिली. मेमरी पानांत मोजतात; खाली तो आकडा उमटला. खिळलेली पानं: शून्य.

काका खुर्चीत टेकले. माल गेला होता, खिळा गेला नव्हता. जागा मोठी करायची सोय काकांनी घातली त्याला अकरा वर्षं झाली, पण कुणाला पत्ता लागला नाही, कारण यंत्रांत मेमरी चिक्कार होती; अडगळीत टाकायची वेळच येत नव्हती. आता हवामानाचा अंदाज काढणाऱ्यांचं यंत्र गच्च भरलं आणि धागे अडखळू लागले.

फाइलीत बदल केला की काढलेल्या ओळीपुढे वजा लागतो, घातलेल्या ओळीपुढे अधिक. पहिली वजा ही होती:

− जागा हलवली तरी खिळा सोबत जातो.

"हे कुणी लिहिलंय हो?" तपासणीवालीने साळसूदपणे विचारलं.

"होता एक दीडशहाणा," काका म्हणाले, आणि त्यांना चक्क बरं वाटलं. एवढी जुनी, एवढी स्वतःची चूक सापडणं रोज थोडंच होतं?

+ आधी नवी जागा घ्या.
+ ती ठोका.
+ माल न्या.
+ मग जुना खिळा उपसा.

जेवायच्या सुट्टीपर्यंत हे झालंही. अडचण पुढे होती. माल नेईपर्यंत दोन्ही जागा ठोकलेल्या हव्यात, आणि यंत्र प्रत्येकाला खिळे मोजून देतं. दुसऱ्या जागेला पुरलेच नाहीत तर?

"तर बिनखिळ्याची द्या," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. नव्या आवृत्तीत बदल घेणं चार वाजता बंद होणार होतं आणि ती आवृत्ती त्यांच्या डोक्यावर होती.

"आणि सांगायचं नाही?"

"कशाला? काम तर चालतंय ना. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, काका. हे तुम्हाला मी सांगायचं?"

खरंच, काकांना हे सांगायची गरज नव्हती; आजवर त्यांच्या तोंडून हेच निघत आलं होतं.

− हो, बघतो.
− हो, सुट्टीच्या दिवशी येतो.
− हो, निरोपाचं भाषण मीच करतो.
− हो, हो.

काका जागेवर येतात तोच बायकोचा फोन.

"अहो, भिंतीवरची फळी आज समोर न्यायचीय म्हणालात. डब्यात चारच स्क्रू आहेत."

"चारात होईल."

"झालं यांचं 'होईल'! आरसा दोनात बसवलात, तो वाकडा लटकलाय. आता मी अर्ध्याच तोंडाला पावडर लावते."

"मग काय करू म्हणतेस?"

"काही करू नका! पुरत नसतील तर फळी आहे तिथे बरी आहे. नाही म्हटलंत तर मी काय खाणार आहे तुम्हाला?"

काका हसले. फोन ठेवून ते उठले आणि थेट मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"बिनखिळ्याची देणार नाही. खिळे पुरले नाहीत तर लायब्ररी तसं सांगेल. जुनी जागा, जुना माल जागच्या जागी. पुढचं ज्याचं तो ठरवेल. आहे म्हणून सांगायचं आणि नसायचं, हे मी अकरा वर्षं केलंय."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे."

"चारच्या आत सगळ्या चाचण्या हिरव्या दाखवा. एक जरी लाल राहिली तर माझ्या पद्धतीने जाईल. आणि फाइलही दुसऱ्या कुणाकडे जाईल."

तीन चाळीस. एक लाल.

"कुठली?" काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुमचीच, जुनी," तपासणीवाली म्हणाली. "तिला वाटतं, मागितलं की मिळालंच पाहिजे. नकार आला की रडते."

काकांनी ती उघडली. त्यांच्याच हातची, तीन ओळींची.

− जागा मिळालीच पाहिजे.
+ नाही मिळाली, तर जुना माल शाबूत असला पाहिजे.

"सोयीसाठी चाचणी बदलताय असं म्हणतील हं."

"तू सही करशील?"

तिने ओळ दोनदा वाचली. माल एकेक आकडा ताडून पाहिला. आणि सही केली.

तीन त्रेपन्न. सगळं हिरवं.

"कुणी ओरडलं तर फोन तुमच्याकडे वळवीन," मॅडम म्हणाल्या.

"वळवा."

नोंदीत काकांनी एवढंच लिहिलं: मूळ चूक माझी.

घरी जाताना काकांनी आठ स्क्रू आणि फळीचे दोन ब्रॅकेट घेतले. आधी समोरच्या भिंतीवर नवे ब्रॅकेट बसवले, त्यांना हाताने लोंबकळून पाहिलं, मग फळी नेली. पुस्तकं चढली, बरण्या चढल्या. जुन्या भिंतीवर चार भोकं उरली.

बायकोने शिलाई मशीन उचलून आणलं. "हेही राहील ना वर?"

काकांनी फळीवर बोटाने टकटक केलं.

"नाही."



"बरं," ती म्हणाली, आणि मशीन होतं तिथे, खिडकीखाली नेऊन ठेवलं.