बाळंतिणीचा कोळसा

ज्या तुरुंगाचं कोठार मी सांभाळतो त्याचं नाव सांगत नाही. जिल्हा वर्धा, एवढं पुरे. जानेवारीत इथली थंडी हाडात शिरते. सरकारी कागदाला मात्र हाडं नसतात.

तळेगावची पौर्णिमा नऊ दिवसांची लेक घेऊन दवाखान्यातून महिला बराकीत परतली. तिचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. त्याच सकाळी पहारेकरीण विमलाबाई तडक माझ्या टेबलाशी आली.

"धनंजयभाऊ, बाळंतिणीले शेक द्या लागते. लेकरू खोकलून राह्यलं. शेगडीपुरता कोळसा द्या."

"कोळसा कधीच बंद झाला, बाई. आता गॅस आहे."

"मंग गॅसचे निखारे द्या!"

बरोबरच होतं तिचं. गॅसवर वरण शिजतं, शेक देता येत नाही. मी तुरुंगाच्या अधीक्षक साहेबांकडे अर्ज टाकला: महिनाभर, रोज दोन किलो कोळसा. अर्ज परत आला. कोळसा स्वयंपाकासाठी की उबेसाठी? उबेसाठी, असं लिहून पाठवला. पुन्हा परत! जळण माणशी मिळतं, कैद्यांच्या गणतीप्रमाणे. महिला कैदी अकरा, त्यांचा वाटा गॅसमध्ये गेला. बाळ गणतीत नाही. चार दिवस या लिहालिहीत गेले आणि पोरीचा खोकला वाढला. माझं डोकं फिरलं. थेट साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेब शांतपणे म्हणाले, "एवढं काय त्यात? बाळाला गणतीत घ्या. बारावं नाव लिहा, लगेच मंजूर करतो."

आणि मी दीडशहाणा, जिंकल्यासारखा रजिस्टर घेऊन बराकीच्या दाराशी गेलो. पोरीचं नाव विचारलं.

पौर्णिमानं लेकीला लुगड्याच्या पदरात आणखी घट्ट गुंडाळलं.

"तिचं बारसं नाई झालं, सायेब. पह्यलं नाव कैद्याच्या वहीत नोका लिहू. थंडी काढू आम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा. टेबलाशी येऊन महिला बराकीच्या पानावर बाराव्या ओळीत लिहिलं: धनंजय, वय चौपन्न.

बायकांच्या बराकीत चौपन्न वर्षांचा बाप्या कसा, हे कोणीही विचारलं नाही. कोळसा त्याच दुपारी आला.